खांब, भिंत आणि त्रिशूळ : ‘राजी’मधील लढाईचा प्रकरण अभ्यास

‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा व्हिडिओ गेम १८ ऑगस्ट २०२० रोजी निन्टेन्डो स्विच या कन्सोलवर, म्हणजे गेम खेळण्याच्या यंत्रावर, प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला तो पीसी, प्लेस्टेशन ४ व एक्सबॉक्स वनवर आला. तो बनवणारा ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ हा स्टुडिओ पुण्याचा आहे. श्रुती घोष, अविचल सिंह आणि इयान मॉड हे त्याचे संस्थापक, आणि ‘राजी’ हे या स्टुडिओचे पहिलेच काम. डिसेंबर २०२० मध्ये ‘द गेम ॲवॉर्ड्स’ या आंतरराष्ट्रीय पुरस्कारांत पदार्पणाच्या गेमसाठी असलेल्या विभागात पाच नामांकने होती, त्यांत ‘राजी’चे नाव होते. पुरस्कार ‘फॅस्मोफोबिया’ला मिळाला. भारतात बनलेल्या कन्सोल-गेमची इतक्या ठळकपणे दखल घेतली जाणे तेव्हा नवलाचेच होते, आणि त्या आनंदात गेमच्या गुणदोषांची बारकाईने छाननी मागे पडली असे मला वाटते.

जी छाननी झाली तिचा सूर साधारण एकच होता : चित्रे अप्रतिम, वास्तू अप्रतिम, लढाई मात्र बेताची. हा निष्कर्ष चुकीचा नाही, पण तो अपुरा आहे. ‘बेताची’ म्हणताना लढाईतील सगळ्याच गोष्टी एका मापाने मोजल्या जातात, आणि मग या गेमला खरोखर सुचलेली एक स्वतंत्र कल्पना त्या सरसकट शेऱ्याखाली दबून जाते. या लेखात मी त्याच कल्पनेवर लक्ष ठेवणार आहे. राजी ही डोंबाऱ्याच्या कसरती करणारी मुलगी आहे, ती दगडी खांबांच्या आणि भिंतींच्या जगात लढते, आणि लढताना ती त्या खांबांना व भिंतींना शस्त्रासारखे वापरू शकते. ही कल्पना गेममध्ये आहे, ती चालतेही. परंतु बाकीच्या लढाईला तिची गरज पडत नाही. ‘राजी’चे बहुतेक दोष शोधत गेल्यास माग इथेच येऊन पोहोचतो.

पैसा आणि वेळ

‘राजी’च्या निर्मितीची हकीकत थोडी सांगणे भाग आहे, कारण लढाईच्या दर्जाशी तिचा थेट संबंध आहे. २०१७ साली किकस्टार्टरवर लोकवर्गणीतून पैसा उभारण्याचा प्रयत्न झाला आणि तो फसला. किकस्टार्टरचा नियम असा की ठरवलेली रक्कम पूर्ण झाली नाही तर जमलेल्यांपैकी काहीच हाती येत नाही. काम सुरू ठेवण्यासाठी संस्थापकांपैकी एकाने स्वतःचा फ्लॅट विकला. पुढे ‘सुपर डॉट कॉम’ हा प्रकाशक मिळाला आणि अनरियल इंजिन या गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर बनत असलेला हा गेम पूर्ण होऊ शकला.

अशा परिस्थितीत छोट्या स्टुडिओपुढे जी अडचण उभी राहते ती फारशी बोलली जात नाही. प्रकाशकाला, देणगीदाराला किंवा प्रेक्षकाला गेम विकायचा तो ट्रेलरमधून आणि स्थिरचित्रांतून. झरोके, जाळीकाम, छत्र्या, संध्याकाळचा तांबूस प्रकाश हे सगळे ट्रेलरमध्ये दिसते. बटण दाबल्यानंतर किती क्षणांनी त्रिशूळ फिरला आणि फटका बसल्यावर राक्षस किती मागे सरकला हे ट्रेलरमध्ये दिसत नाही. ते हातालाच कळते, आणि तेही पुनःपुन्हा खेळल्यावर. दिसणाऱ्या गोष्टींवर आधी खर्च होणे हे अशा स्टुडिओच्या बाबतीत जवळजवळ अटळ असते. लढाईची घडी बसवण्यासाठी पैशापेक्षाही फेऱ्या लागतात : खेळून पाहायचे, एखादा आकडा बदलायचा, पुन्हा खेळायचे, आणि हे शेकडो वेळा करायचे. मूठभर माणसांच्या चमूकडे नेमका तोच अवकाश कमी असतो.

कथा थोडक्यात

राखीपौर्णिमेच्या दिवशी राक्षस हल्ला करतात आणि राजीचा धाकटा भाऊ गोलू याला इतर मुलांबरोबर पळवून नेतात. महाबलासुर हा त्यांचा अधिपती. दुर्गा राजीची निवड करते आणि तिला त्रिशूळ देते. गेमभर दुर्गा आणि विष्णू यांचा संवाद निवेदनासारखा ऐकू येत राहतो, आणि राजी कुठे कशी वागते आहे यावर ते दोघे बोलतात. वाटेत भिंतींवर रंगवलेली चित्रे येतात, त्यांच्यापाशी थांबले की देवादिकांच्या कथा ऐकायला मिळतात. मधले कथाप्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांच्या खेळासारखे मांडलेले आहेत. हाताने रंगवलेले पोत, पहाडी लघुचित्रांची रंगसंगती आणि राजस्थानातील किल्ल्या-हवेल्यांची वास्तुशैली यांचा मेळ इतका एकजीव आहे की हे जग एका नजरेने पाहिलेले वाटते. ग्रीक संगीतकार लिनोस त्झेलोस यांनी दिलेले संगीतही या जगात उपरे वाटत नाही. या बाबतीत ‘राजी’चे कौतुक झाले ते पूर्णपणे योग्य होते, आणि त्यात मी काही वजा करू इच्छित नाही.

खांबाभोवतीची गिरकी

आता लढाईकडे येतो. कॅमेरा वरून तिरकस आणि बराच दूर असतो, तो खेळाडूला फिरवता येत नाही. राजी एखाद्या चौकात शिरते, मागच्या-पुढच्या वाटा बंद होतात, आणि राक्षसांच्या एकामागून एक तुकड्या प्रकट होतात. सगळ्या संपल्या की वाट मोकळी होते. हा साचा या प्रकारच्या गेममध्ये जुनाच आहे. राजीकडे हलका फटका, जड फटका, उडी आणि कोलांटी मारून चुकवण्याची हालचाल असते. इथपर्यंत नवीन काही नाही.

नवीन आहे ते असे. चौकात खांब असेल तर राजी धावत जाऊन त्याला धरते, त्याच्याभोवती गिरकी घेते आणि त्या वेगानेच आजूबाजूच्या सगळ्या राक्षसांना फटका देते. भिंत असेल तर ती भिंतीवर चढत धावते, तिथून अंग मागे फेकते आणि खाली उतरताना जोरदार प्रहार करते. हा प्रहार एकाला बसत नाही, भोवतीच्या सगळ्यांना बसतो. पहिल्यांदा हे जमते तेव्हा मल्लखांबावरच्या चांगल्या पकडीचा आनंद मिळतो : खांब हा अडथळा न राहता शरीराचा आधार होतो, आणि वजन कुठून कुठे गेले ते डोळ्यांना स्पष्ट दिसते.

या एका हालचालीने तीन गोष्टी एकदम साधतात. राजी कसरती करणारी आहे हे कथेने सांगितलेले असते, ते इथे हाताला पटते. ज्या वास्तूवर चित्रकारांनी एवढी मेहनत घेतली ती नुसती पार्श्वभूमी न राहता लढाईत उतरते. आणि तिसरे म्हणजे लढाईला जागेचा अर्थ मिळतो. शत्रू कुठे आहे एवढेच पाहून भागत नाही, मी खांबापासून किती दूर आहे, वाटेत कोण आहे, हेही पाहावे लागते. लढाईच्या रचनेत ही तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची असते. बटणांचा क्रम पाठ करता येतो, पण जागा दर वेळी वेगळी असते, आणि म्हणून जागेवर उभी असलेली लढाई लवकर शिळी होत नाही.

शस्त्रांच्या बळकटीची व्यवस्थाही मला आवडते. वाटेत मिळणारे तेजोगोल खर्च करून शस्त्रांना विजेसारख्या शक्ती जोडता येतात, आणि ते गोल एका शक्तीतून काढून दुसरीत घालण्याची मुभा केव्हाही असते. चूक झाली म्हणून शिक्षा नाही. अवघ्या चार ते सहा तासांच्या गेममध्ये खेळाडूने एक निवड करून शेवटपर्यंत तिलाच बांधून घ्यावे असे म्हणणे अन्यायाचे झाले असते. तो अन्याय इथे टाळलेला आहे.

ती गिरकी गरजेची का होत नाही

खांबाची गिरकी सुंदर आहे, तर मग खेळाडू ती सतत का वापरत नाहीत? कारण वापरली नाही तरी चालते. त्रिशुळाचे साधे फटके आणि वेळच्या वेळी कोलांटी एवढ्यावर गेमचा बराचसा भाग पार पडतो. जो राक्षस फक्त भिंतीवरून झेप घेऊनच मारता येईल, ज्या तुकडीला खांबाशिवाय फोडताच येणार नाही, असा प्रसंग गेम क्वचितच उभा करतो. खेळाडू आळशी असतो असे नाही, पण हाताला जे पुरेसे वाटते तेच तो करत राहतो. नवी हालचाल त्याच्या अंगवळणी पडावी असे वाटत असेल तर तिच्यावाचून अडेल अशी वेळ रचनाकाराला आणावी लागते, आणि एकदा नव्हे, तीन-चार वेळा वेगवेगळ्या रूपांत आणावी लागते.

दुसरे कारण चौकांच्या आखणीत आहे. भोवतीची वास्तू खांबांनी, कमानींनी, ओवऱ्यांनी भरलेली असते; प्रत्यक्ष लढाईचा चौक मात्र अनेकदा मोकळा असतो, आणि वापरता येण्याजोगे खांब त्यात मोजकेच असतात. नजरेला जे दिसते ते आणि हाताला जे धरता येते ते यांत त्यामुळे अंतर पडते. मागे दिमाखदार स्तंभांची रांग आहे, पण ती चित्रातली; धरायचा खांब पुढे एकच. मला ही ‘राजी’मधील सर्वांत हळहळ लावणारी उणीव वाटते, कारण लागणारी सामग्री तयार होती, ती फक्त चार पावले पुढे आणून ठेवायची राहिली.

तिसरे कारण शस्त्रांच्या क्रमात सापडते. त्रिशुळानंतर धनुष्य मिळते, पुढे चक्रे आणि तलवार-ढालही येतात. पण शेवटी शेवटी मिळणाऱ्या शस्त्रांची सवय होण्याआधीच गेम संपत आलेला असतो. शिवाय धनुष्यामुळे दूर उभे राहून लढणे सोपे जाते, आणि दूर उभे राहणाऱ्याला खांबाचे प्रयोजन राहत नाही. इथे ‘हायपर लाइट ड्रिफ्टर’ या २०१६ सालच्या दुसऱ्या एका छोट्या गेमची आठवण होते. त्यात बंदुकीच्या गोळ्या तलवारीचे घाव घातल्यावरच परत भरतात. त्या एका नियमामुळे खेळाडूला दुरून जवळ आणि जवळून दूर अशी ये-जा करत राहावे लागते. कोणतेही शस्त्र दुसऱ्याला निरुपयोगी करत नाही. ‘राजी’त शस्त्रे एकमेकांशेजारी ठेवलेली आहेत, एकमेकांत गुंतवलेली नाहीत. त्रिशुळाचा फटका पूर्ण होताच बाण अधिक जोरकस व्हावा, किंवा खांबाच्या गिरकीनंतर चक्र अधिक दूर जावे, असा एखादा साधा दुवाही पुरला असता.

फटक्याचे तीन भाग

हाताला जाणवणाऱ्या दोषांकडे वळण्यापूर्वी थोडी तांत्रिक बाब स्पष्ट करतो. कोणत्याही लढाईच्या गेममधील फटक्याचे तीन भाग असतात : शस्त्र मागे नेण्याची तयारी, प्रत्यक्ष प्रहाराचा क्षण, आणि त्यानंतर सावरून पुन्हा उभे राहणे. शत्रूच्या फटक्याची तयारी लांब ठेवतात, म्हणजे खेळाडूला ती दिसते आणि चुकवायला वेळ मिळतो. खेळाडूच्या फटक्याची तयारी आखूड ठेवतात, म्हणजे बटण आणि हालचाल यांत खंड जाणवत नाही. सावरण्याच्या भागात मात्र खरा निर्णय असतो. खेळाडूला तो मध्येच तोडून कोलांटी मारू द्यायची की फटका मारलास तर त्याचा परिणामही सोस असे म्हणायचे? दोन्ही उत्तरे योग्य असू शकतात. दुसरे उत्तर निवडणारे नावाजलेले गेम आहेत, पण ते एका वेळी एक-दोन शत्रूच समोर आणतात आणि प्रत्येकाच्या तयारीला पुरेसा अवधी देतात.

‘राजी’च्या मूळ आवृत्तीत सुरू झालेला फटका बहुतेक वेळा पूर्ण होईपर्यंत थांबावे लागते, आणि समोर मात्र एकाच वेळी चार-पाच राक्षस असतात. एकाला मारत असताना डावीकडचा हात उगारतो, तो दिसतो, कोलांटीचे बटण दाबले जाते, पण राजी अजून आधीच्या फटक्यातच अडकलेली असते. खेळाडूने योग्य ते पाहिले, योग्य ते बटण दाबले आणि तरीही मार बसला. याहून त्रासदायक अनुभव या प्रकारच्या गेममध्ये दुसरा नाही. चुकीबद्दल बसलेला मार खेळाडू आनंदाने सोसतो, कारण त्यातून शिकता येते. बरोबर वागल्यावर बसलेला मार त्याला काहीच शिकवत नाही, तो फक्त सावध आणि भित्रा करतो. आणि भित्रा झालेला खेळाडू खांबाकडे धावत जाण्याचा धोका का पत्करेल? तो कडेकडेने फिरतो, एखादा फटका मारतो आणि मागे सरकतो. म्हणजे हा केवळ प्रतिसादाचा दोष नाही. गेमच्या सर्वोत्तम कल्पनेपासून खेळाडूला परावृत्त करणारा दोष आहे.

याला आकड्यांची बाजूही आहे. डोळ्यांना काही दिसल्यापासून बोट हलेपर्यंत माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे पडद्यावर एकामागून एक येणारी ३० चित्रे, दाखवणाऱ्या गेममध्ये एक फ्रेम सुमारे ३३ मिलिसेकंदांची असते, म्हणजे पाव सेकंदात साडेसात फ्रेम निघून जातात. शत्रूची तयारी आठ-दहा फ्रेमचीच असेल आणि त्यातल्या चार-पाच फ्रेम राजीला स्वतःचा फटका संपवण्यात गेल्या, तर चुकवणे कौशल्याचे न राहता नशिबाचे होते. हे आकडे मी ‘राजी’चे म्हणून देत नाही, गणित कसे चालते ते दाखवण्यासाठी देत आहे, परंतु स्विचवर खेळताना जाणवणारी घुसमट याच जातीची आहे.

फटका बसल्याची जाणीव हा आणखी एक मुद्दा. कसलेले रचनाकार प्रहाराच्या क्षणी दोन-चार फ्रेमपुरते सगळे चित्र गोठवतात, शत्रूला मागे ढकलतात, आवाजाला जडपणा देतात, कंट्रोलर थरथरवतात. त्या सूक्ष्म थांब्यामुळे शस्त्राला वजन आल्यासारखे वाटते. ‘राजी’त त्रिशूळ डौलाने फिरतो, पण तो लागला की हवेतून गेला हे अनेकदा डोळ्यांनी तपासावे लागते. राक्षस थोडा चमकतो, पण त्याचे अंग पुरेसे हादरत नाही. गिरकी आणि भिंतीवरून झेप या दोन हालचालींत मात्र हा दोष कमी जाणवतो, कारण तिथे राजीच्या शरीराचा वेगच वजनाचे काम करतो. पुन्हा तेच दिसते : जिथे कसरत आहे तिथे लढाई जिवंत आहे.

कॅमेरा आणि आकार

दूरच्या कॅमेऱ्याला अनेकांनी दोष दिला. वास्तूचा भव्यपणा दाखवण्यासाठी तो दूर ठेवला आहे हे उघड आहे, आणि किल्ल्याच्या तटावरून राजी एखाद्या ठिपक्यासारखी चालत जाते ती दृश्ये पाहण्यासारखी आहेत. पण स्विच हातात धरून खेळताना ६.२ इंचांच्या पडद्यावर तीच राजी आणि तेच राक्षस बोटाच्या पेराएवढेही राहत नाहीत. संध्याकाळच्या तांबूस-जांभळ्या रंगांत सावळे राक्षस मिसळून जातात, आणि त्यांच्या हाताची हालचाल, म्हणजे नेमकी जी वेळेवर दिसायला हवी ती, हरवते. लघुचित्रात मन लावून शोधायचे असते; लढाईत शोधायला वेळ नसतो. चित्रकलेच्या दृष्टीने निवडलेली रंगसंगती लढाईच्या चौकापुरती तरी थोडी बाजूला ठेवायला हवी होती : राक्षसांच्या कडा उजळ, त्यांच्या शस्त्रांवर एखादा परका रंग, पायाखालची फरशी फिकी. उड्या मारत पुढे जाण्याच्या भागांतही तिरक्या दृष्टिकोनामुळे समोरचा कठडा किती खोलवर आहे याचा अंदाज कधी कधी चुकतो, पण तिथे पुन्हा प्रयत्न करण्याची किंमत कमी असल्यामुळे ते फारसे बोचत नाही.

वाटेतल्या कोड्यांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. फिरती वर्तुळे जुळवून चित्र पूर्ण करायचे, इतकेच त्यांचे स्वरूप. ती सोपी आहेत, लढायांच्या मध्ये श्वास घ्यायला ती बरी पडतात.

महिन्याभराने आलेला ‘हेडीझ’

‘राजी’ स्विचवर आल्यानंतर बरोबर तिसाव्या दिवशी, १७ सप्टेंबर २०२० रोजी, ‘हेडीझ’ची पूर्ण आवृत्ती स्विचवरही प्रसिद्ध झाली. तोही तिरकस वरून दिसणाऱ्या, खेळाडूला न फिरवता येणाऱ्या कॅमेऱ्याचा गेम. तोही पुराणकथांवर, ग्रीकांच्या, उभा असलेला. त्यातही बंद चौकात एकामागून एक तुकड्या येतात. दोन्ही गेम जवळजवळ एकाच वेळी एकाच कन्सोलवर आल्यामुळे तुलना होणे अपरिहार्य होते, आणि ‘राजी’ला ती जड गेली.

तुलनेतून दोन गोष्टी दिसतात. पहिली अशी की साचा दोषी नव्हता. तोच कॅमेरा आणि तेच बंद चौक घेऊन ‘हेडीझ’ची लढाई शेकडो वेळा खेळावीशी वाटते, कारण तिथे नायकाची झपाट्याने सरकण्याची हालचाल फटक्यात अडकून राहत नाही, आणि तिथल्या भिंतींना काम आहे : शत्रूला ढकलून भिंतीवर आपटले तर त्याला जास्तीचा मार बसतो. म्हणजे ज्या वास्तूची ‘राजी’ने एवढी जोपासना केली, तिचा लढाईतील उपयोग ‘हेडीझ’ने साध्या आयताकृती खोल्यांत अधिक सातत्याने करून घेतला. खेळाडू ढकलण्याची शक्ती निवडतो, मग भिंतीजवळ उभा राहायला शिकतो, मग शत्रूला भिंत आणि स्वतः यांच्यामध्ये आणायला शिकतो. हालचाल गरजेची कशी करावी याचा तो चांगला नमुना आहे.

दुसरी गोष्ट न्यायाची आहे. ‘हेडीझ’ हा ‘सुपरजायंट गेम्स’चा चौथा गेम. त्याआधी ‘बॅस्टियन’, ‘ट्रान्झिस्टर’ आणि ‘पायर’ त्यांनी बनवले होते, आणि स्वतः ‘हेडीझ’ डिसेंबर २०१८ पासून अपूर्ण स्वरूपात विक्रीला होता, म्हणजे जवळजवळ दोन वर्षे हजारो लोक तो खेळत होते आणि त्यांच्या खेळण्यावरून आकडे बदलले जात होते. वर मी ज्या फेऱ्यांचा उल्लेख केला त्या त्यांना पैसे घेऊन मिळाल्या. ‘नॉडिंग हेड्स’ला आपल्या पहिल्याच गेममध्ये, लोकवर्गणी फसल्यानंतर, ती सोय नव्हती. अपूर्ण गेम आधी विकण्याचा मार्ग ‘राजी’सारख्या कथाप्रधान आणि छोट्या गेमला मानवलाही नसता, एकदा कथा कळली की खेळाडू परत कशाला येईल? पण केवळ लढाईचा एक चौक, कथेविना, परीक्षणासाठी मोकळा करता आला असता, आणि बहुतेक दोष तिथेच उघडे पडले असते असे मला वाटते.

सुधारित आवृत्तीने काय बदलले

मे २०२२ मध्ये ‘राजी’ची सुधारित आवृत्ती आली. तिच्यात हिंदी आवाज आले, आणि त्याचे महत्त्व थोडे नव्हते. मूळ आवृत्तीतील इंग्रजी संवादफेक अनेकांना कृत्रिम वाटली होती. दुर्गा आणि विष्णू एकमेकांशी इंग्रजीत बोलतात तेव्हा भारतीय खेळाडूच्या कानांना अडखळायला होते, हे मान्य करायला हवे. हिंदीत तोच संवाद घरगुती वाटतो, आणि गोलूविषयीची राजीची तळमळ अधिक खरी वाटते. कथाप्रसंग नव्याने केले गेले, हालचाली आणि लढाई अधिक सफाईदार करण्यात आल्या. आज कोणी हा गेम पहिल्यांदा खेळणार असेल तर त्याने हीच आवृत्ती खेळावी.

तरीही सुधारणा कुठे पोहोचू शकल्या आणि कुठे नाही, हे पाहण्यासारखे आहे. हालचालींचा वेग, एका हालचालीतून दुसरीत जाण्याची मुभा, आवाज, प्रकाश या गोष्टी प्रसिद्धीनंतरही बदलता येतात, कारण त्या आकड्यांच्या आणि फायलींच्या पातळीवर असतात. चौकातील खांब कुठे आहेत, राक्षस कोणत्या क्रमाने येतात, कोणते शस्त्र कितव्या तासाला मिळते, या गोष्टी लेव्हलच्या, म्हणजे गेमच्या एकेका टप्प्याच्या, आखणीत मुरलेल्या असतात. एक खांब दोन हात पुढे आणायचा तर त्याभोवतीचे चित्र, त्यावर पडणारा प्रकाश, शत्रूंचे चालण्याचे मार्ग, कॅमेऱ्याची जागा, सगळेच पुन्हा तपासावे लागते. म्हणून सुधारित आवृत्तीत राजी अधिक चपळ झाली, पण तिच्या चपळपणाला नवे आव्हान मिळाले नाही. गिरकी पूर्वीपेक्षा नितळ झाली, आणि पूर्वीइतकीच ऐच्छिक राहिली.

गेमचा शेवटही तसाच राहिला. कथा निर्णायक वळणावर अचानक थांबते, आणि पुढचा भाग येईल असे सुचवले जाते. पहिल्याच गेमने, पुढच्या गेमची शाश्वती नसताना, आपली कथा अर्धी ठेवावी हे मला पटत नाही. राजी आणि गोलू यांचे नाते हा या गेमचा भावनिक कणा आहे, आणि पाच तास लढून खेळाडूने जे मागितले ते किमान एवढ्यापुरते तरी त्याला मिळायला हवे होते. शेवटच्या लढाईतही हीच अर्धवट राहण्याची भावना आहे. तिच्यात महाबलासुराचा आकार भव्य आहे, वातावरण भारावणारे आहे, पण आधीच्या तासांत शिकलेल्या कसरती एकत्र करायला लावणारी परीक्षा ती होत नाही. ज्या मुलीची ओळखच दोरावरच्या आणि खांबावरच्या खेळाची, तिची अंतिम लढत उभ्या स्तंभांच्या, तुटत जाणाऱ्या भिंतींच्या जागेत व्हायला हवी होती, जिथे प्रत्येक आधार एकदाच वापरता येतो आणि पुढचा आधार कोणता हे उडी घेण्याआधीच ठरवावे लागते.